चुंबकवाले इसाक डॉक्टर

इसाक डॉक्टर मानसाला तोंडावरून ओलखायचे. चेहऱ्यावरून नाय, तोंडाच्या आतून. पेणच्या बाजारात कोनी त्यांना हाक मारली तर नुसते बघत ऱ्हायचे, परक्या मुलखातल्यासारखे. मंग तो मानूस हसला की यांच्या डोल्यात दिवा पेटायचा. "अरे, डावीकडची वाकडी अक्कलदाढ ना तू? कसा हायस?" असं भर रस्त्यात, मोठ्यानं. एकदा मामलेदारसायेब दवाखान्यात आले तर त्यांना बाकड्यावर बसवून ठेवलं, नंबर येईस्तोवर. खुर्चीत बसून सायबांनी आ केला तेवा डॉक्टर उठून उभे ऱ्हायले आनि बोलले, "सायेब, तुम्ही होय? आधी तोंड उघडायचं नाय का!"

मी त्यांची "दोन सुळे". नाव माजं हिराबाय, पन मी दारात दिसले की ते आत बायकोला वरडून सांगायचे, "रिबेका, दोन सुळे आलीत, चहा ठेव." खालच्या जबड्यात माजे तेवडेच दात उरले होते, दोन सुले, दोन बाजूंना, जुन्या वेशीच्या खांबांसारखे. वर तर कायच नाय.

दात कसे गेले ते सांगायला नको. मिश्री. सकाली मिश्री, दुपारी मिश्री, पोटात भूक असली तरी मिश्री. आमचं गाव गडबच्या पुढं, खाडीच्या अंगाला. एका सालात उधान आलं, बांध फुटला, शेतात खारं पानी शिरलं आनि जमीन मेली. त्याच सालात माजा नवरा गेला. रडून झालं. पोरं लहान होती, त्यांना भात लागतोच. मिठागरात गेले, डोक्यावर मीठ वाह्यलं, आनि लगीनसराईत धवले गायले. मी धवलारीन. आमच्या आगऱ्यांच्या लगनात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीन नसली तर हलद कोनी भिजवत नाय. मांडवाचा खांब पुरल्यापासून नवरी सासरी जाईस्तोवर देवांना, पितरांना, सोयऱ्यांना गान्यातून हाक घालायची ती आमीच. माज्या आयशीनं मला शिकवलं, तिला तिच्या आयशीनं. शाला मी बघितली ती भाईरून. जे काय होतं ते तोंडात होतं. दात पडायला लागले तसं तेबी वाऱ्यावर जायला लागलं.

म्हनून मी डॉक्टरांकडं गेले. त्यांचा दवाखाना पेणेत एका गनपतीच्या कारखान्याला लागून होता. खुर्चीत बसलं की खिडकीतून वल्ले गनपती दिसायचे, रंग न दिलेले, वलीनं मांडलेले. डॉक्टर आपले इस्रायली, आमचे जुने लोक ज्यांना शनवारतेली बोलतात त्यांतले. शनवारी दवाखाना बंद. पन दात काढायच्या आधी खिडकीकडं बोट करून पेशंटला सांगायचे, "तो बघ. सगल्या पेणेत एकच शाना. दात मोडला तरी माझ्याकडं आला नाय, आणि चेहरा बघ किती शांत." पेशंट गनपतीकडं बघेस्तोवर दात यांच्या चिमट्यात.

दुसऱ्याचा दात काढताना हात कदी कापला नाय. पन त्यांची सोताची एक दाढ हलत होती, वरसानुवरसं. तिला हात लावू द्यायचे नायत. रिबेकाबाय सांगायच्या, मुंबैला दुसऱ्या डॉक्टरकडं न्यायला काढलं की यांना ताप येतो.

मिश्रीशी त्यांचं वैर होतं. बाईमानूस खुर्चीत बसलं की आधी कनवट झाडायला लावायचे. डबी निघाली की उचलून थेट गटारात. मी दुसऱ्या येलेला डबी घरी ठेवून गेले. डॉक्टरांनी माजं बोट हातात घेतलं, वास घेतला आनि बोलले, "हिराबाय, डबी गडबला ठेवलीस, बोट बरोबर आणलंस."

तर त्यांनी मला कवली करून दिली. वरची छान बसली, घरजावयासारखी, काय केल्या निघंना. खालची मातर माहेरवाशिनीसारखी, एक पाय घरात आनि एक दारात. तारा घालून सुल्यांना अडकवली होती, पन माजा जबडा झिजून पार सपाट झालेला, तिला धरायला जागाच नव्हती. बोलताना निभायचं. गानं लावलं, जीभ उचलली की ती पन उचलायची.

त्या सालात एका लगनात हलदीला बसले होते. परात पुढं, भवती बायका. देवांची नावं घेऊन झाली, पितरांना बोलावून झालं, आता सूर वर न्यायचा तर खालची कवली उडाली आनि हलदीच्या वाटीत पडली. कोन हसलं नाय. ते जास्ती लागलं. शेजारी ठमीबाय बसली होती, पलीकडल्या पाड्याची धवलारीन. तिनं माजा धवला तिथनंच उचलला, मधी श्वाससुद्धा नाय पडू दिला. गान्यात ती कदी चुकत नसे, हे खरं. शेवट करून मंग माज्या कानाशी आली आनि बोलली, "हिरे, आता तुजे धवले वाटीत वाढायचे का गो?"

त्यानंतर बोलावनी ठमीला जायला लागली. मी गप ऱ्हायले. पन माज्या भावाच्या लेकीचं, शेवंतीचं लगीन ठरलं, रोह्याला दिली तिला, वैशाखातली तारीख. हलदीचा पयला धवला आत्यानं लावायचा, ही आमच्या घरची रीत. त्यात आत्या धवलारीन. भावानं खाली मान घालून इचारलं, "बाय, ठमीला सांगून ठेवू का?" मी बोलले, थांब. मनात ठरवलं होतं, शेवंतीचा धवला ठमीच्या तोंडून ऐकायचा झाला तर परत कुनाच्या मांडवात धवलारीन म्हनून बसायचं नाय.

दुसऱ्या दिवशी पेणेला गेले, कवली टेबलावर ठेवली आनि डॉक्टरांना हे सगलं सांगितलं. मला वाटलं, बिचारे वाईट वाटून घेतील. तर यांना आनंद. "वैशाखापर्यंत वेळ हाय ना? मग ये, तुला माझं लोणचं दाखवतो."

आत स्वैपाकघरात नेलं. फलीवर बरन्या. एका बरनीत लिंबाचं लोनचं, ते रिबेकाबायचं. शेजारच्या बरन्यांत डॉक्टरांचे चुंबक. एक चहात बुडवलेला, एक कोकमाच्या आगलात, एक मिठाच्या पान्यात, आनि एका लहान बाटलीत नुसती थुंकी. डॉक्टरांची सोताची. रोज सकाली तिथं जाऊन थुंकायचे, देवाला फूल वाहावं तसे.

कुठल्या तरी परदेशच्या मासिकात त्यांनी वाचलं होतं की तिकडं कवलीत चुंबक बसवतात. जबड्यात एकदोन खुंट उरलेले असले तर त्यांच्यावर लोखंडाची टोपी घालायची, कवलीत खालून चुंबक, आनि मंग ते एकमेकांना धरून ऱ्हातात. तार नको, हूक नको. हे वाचल्यापासून डॉक्टरांना दुसरं काय सुचत नव्हतं. पयले चुंबक त्यांनी मोडक्या रेडिओच्या स्पीकरातून काढले. ते एवडे थोराड की तोंडात बसवले असते तर जीभ भाईर ठेवायला लागली असती. मंग मुंबैहून मसुरीच्या डालीएवडे बारके आनले. त्यांच्यात जोर भारी, पन थुंकीत ते गंजायचे, काले पडायचे. कशानं किती दिवसांत गंजतात ते बघायला हे लोनचं.

रिबेकाबाय मला बोलल्या, "हिराबाय, पाहुणा जेवायला बसला की लोणचं वाढताना मी बरणी आधी हलवून बघते. वाजली तर यांची."

चुंबक किती जोरानं धरतो ते मापायला डॉक्टरांनी बाजारातल्या म्हावरंवालीकडचा हुकाचा ताणकाटा आनला होता. लाकडाच्या जबड्यावर कवली बसवायची, हूक अडकवायचा आनि वर खेचायचं. काट्यावरचे आकडे पुसून गेलेले. म्हनून त्यांनी म्हावऱ्यावर हिशेब लावला. "आज बांगड्याएवढं धरतंय," असं तोंड पाडून सांगायचे. "मला रावसाएवढं पाहिजे." त्यांच्या त्या मापाची मला पन सवय झाली. ठमीचा आवाज किती, तर सुरमईएवडा, असं मी मनात धरून चालायचे.

मोबदला मागायचे नायत. "तू माझं संशोधन हायस, तुझ्याकडून घ्यायचं काय?" मला तसं फुकट घेनं बरं वाटंना. एकदा घरचा सुका जवला घेऊन गेले, चांगला निवडून, वालवून. डॉक्टरांनी दोनी हातांनी घेतला, वास घेतला, डोले मिटले आनि नेऊन शेजारच्या मूर्तिकाराच्या बायकोला दिला. मी इचारलं, का ओ, आवडत नाय? बोलले, "खवलं नसलेलं आम्हाला चालत नाय ग. वासाला काय बंदी नाय." त्यानंतर मी खाडीतली बोयटं न्यायचे, खवल्यांसकट, मुद्दाम न साफ केलेली, म्हंजे यांची खातरी व्हावी.

गंज लागू नये म्हनून चुंबकाला पोलादाचा अंगरखा घालायचं ठरलं. डॉक्टर बाजारातल्या सोनाराकडं गेले. सोनारानं तापवून, डाग देऊन असा सुंदर अंगरखा घातला की डॉक्टर रस्त्यातनं तो तलहातावर ठेवून सगल्यांना दाखवत आले. घरी येऊन ताणकाट्याला लावतात तर चुंबकात जीव नाय. टाचनीसुद्धा धरंना. आगीनं त्याचं वारं गेलं होतं, घुमून दमलेल्या भगतासारखं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नायत. रिबेकाबाय बोलल्या, घरात सुतक असल्यासारखं बसलेत, त्या मसुरीच्या डाळीचं.

मंग ते मुंबैला गेले, आनि कुनाच्या पाया पडले, काय केलं, देव जाने. पन आधीच पोलादात बंद केलेले चुंबक घेऊन आले, परदेशी. दोनच. माज्यासाठी.

माजे सुले त्यांनी घासून हिरडीबरोबर खुंट केले. ते घासताना मला वाईट वाटलं, मी लपवनार नाय. तेवडेच आपले उरले होते. डॉक्टरांना कललं असंल, कारन पयल्यांदाच त्यांनी गनपती दाखवला नाय. नुसते बोलले, "खांब पाडत नाय हिराबाय, पाया ठेवतोय." खुंटांवर टोप्या बसवल्या, कवलीत चुंबक घातले आनि एक दिवस कवली माज्या तोंडाजवल आनली. अजून मी दाबलीपन नव्हती, तर ती सोताहून आत गेली. टक्. म्हैस संध्याकाली आपल्या गोठ्यात शिरते तशी.

डॉक्टरांनी मला सुका बोंबील चावायला दिला, मूर्तिकाराच्या घरून मागून आनलेला. मंग शेंगदान्याची चिक्की. मंग बोलले, "आता गा." दवाखान्यात गाल सुजलेली मानसं बसली होती. मी बोलले, लगीन नसताना धवला गाऊ नये. बोलले, "मग देवाला सांग, माप घेतोय." मी माफी मागून हलदीचा लावला.

"पयली हलद गो कोनाला वाहू,
धरतरी आयशीला आधी गो वाहू."

भाईर बाकड्यावरच्या एका म्हातारीनं हात जोडले. डॉक्टर माज्या तोंडात बॅटरी मारून बघत होते. "धरतरीला उचलली थोडी. परत म्हण." परत. "आता आयशीला." असं करत करत कवली घासून त्यांनी माजा आख्खा धवला नीट केला. पन त्यात झालं काय, त्यांना तो पाठ झाला. दाढ काढतानासुद्धा गुनगुनायचे. लोक रिबेकाबायला इचारायला लागले, घरात लगीन काडलंय का?

शेवंतीच्या लगनाआधी रोह्याहून बायका आल्या, नवऱ्या मुलाची मावशी आनि चुलत्या, साडीचोली घेऊन. भावाच्या घरी जेवनं झाली. मी मागल्या दारी कवली धुतली, फडक्यावर सुकत ठेवली, वरून फडकं टाकलं आनि खरकटं काढायला गेले. तिथंच बाजूला शेवंतीच्या चोल्या शिवायचा डबा उघडा पडला होता, सुया, टाचन्या, पिना सगलं भरलेलं. कोनी तरी तो सरकवला असंल, चोलीचं माप दाखवायला. मावशीनं सुई शोधायला फडकं उचललं. खाली माजे खालचे दात, आनि त्यांना चारी बाजूंनी सुया आनि टाचन्या टोचून उभ्या. साळिंदरासारख्या.

बाहुलीला सुया टोचून कोपऱ्यात ठेवतात, ते आमच्याकडं सगल्यांनी ऐकलेलं. इथं तर मानसाचे दात. मावशी खाली बसली. चुलतीनं पोरं उचलली. ठमी तिथं होतीच, तिला भावानं बोलावलं होतं, माजा भरवसा नको म्हनून. ठमी माज्याबद्दल वाईट एक अक्षर बोलली नाय. तिनं नुसता पदर तोंडाला लावला आनि डाव्या अंगाला थुंकली. तेवडं पुरलं.

रोह्याहून निरोप आला. नवरी चालेल, करनीवाली आत्या मांडवात नको. तिचा हात हलदीला लागला तर आमी वरात फिरवून नेऊ.

भाऊ माज्यापुढं येऊन बसला. मी त्याला बोलले, ठमीला सांग. दुसरं काय सांगनार? पोरीचं लगीन मोडायचं होतं का? मंग कवली पुडीत बांधून पेणेला गेले, डॉक्टरांना परत द्यायला.

डॉक्टरांनी सगलं ऐकलं. मला वाटलं, यांना राग येईल, नायतर वाईट वाटंल. त्यांनी इचारलं, "किती टाचण्या होत्या?"

मी बोलले, डॉक्टर, माजं काय चाललंय, तुमचं काय.

"नाय, पण बाजूने चिकटल्या की खालून?" मंग एकदम माज्याकडं बघितलं, म्हंजे चेहऱ्याकडं. तसं ते क्वचित बघायचे. बोलले, "बुधवारी मी रोह्याला असतो. तू पण चल. हे माझं काम हाय, तुझं नाय."

बुधवारी त्यांचा दवाखाना रोह्याला असायचा, एका कापडदुकानाच्या मागल्या खोलीत. गाडीनं जायचे, काली पिशवी घेऊन. त्या दिवशी पिशवीत त्यांनी स्पीकरातला तो थोराड चुंबकपन घेतला. गाडीत बसून मी बोलले, त्यांना गोडीनं सांगा. बोलले, "सांगायचं कशाला? दाखवायचं."

नवऱ्या मुलाचा बाप ओटीवर बसला होता. मानूस सज्जन, कंपनीत शिफ्टला जानारा, हातात नवं कोरं चावीचं घड्याल. डॉक्टरांनी पिशवीतून चुंबक काढला, तिथला कोयता उचलला. चिकटला. खिले मागितले. चिकटले. "बघा, यात करणी नाय, ही लोखंडाची ओढ." असं करत ते उत्साहात व्याह्याच्या जवल गेले, आनि त्याचा हात धरून चुंबक त्याच्याच तलहातावर ठेवला. "घ्या, तुम्हीच बघा."

व्याह्यानं बघितलं. उलटापालटा केला. त्याचापन जीव निवत चालला होता, मला दिसत होतं. मंग शिफ्टची येल झाली का म्हनून त्यानं घड्यालाकडं बघितलं. घड्याल बंद.

त्यानं ते हलवलं. कानाला लावलं. चावी दिली. मंग चुंबक खाली ठेवला, लांब, काठीनं सरकवून, आनि माज्याकडं असा बघायला लागला की मीच उठून अंगनात उतरले. डॉक्टर त्याला समजावत होते की चुंबक आतली स्प्रिंग खातो, दोन दिवसांत घड्यालजी नीट करंल. पन चुंबक खातो हे ऐकल्यावर मावशीनं दार लावून घेतलं.

तेवड्यात ओटीच्या कोपऱ्यातून आवाज आला. तिथं व्याह्याची आय बसलेली, तोंडाचं पार बोलकं झालेली म्हातारी. तोंडात दात नावाला नाय. तिनं मला हाक मारली, "ए गो, करनीवाले, हिकडं ये."

गेले.

"वाल खाया येतात?"

बोलले, येतात.

"भाकरीचा पापुद्रा? सुका बोंबील?"

बोलले, चिक्कीपन येते.

"दाखव." मी पुडी सोडली, कवली तोंडाजवल नेली, टक् करून बसली. म्हातारी बघत ऱ्हायली. मंग लेकाला बोलली, "अरे, करनी असंल तर असंल. मला अशी करून मिलंल का इचार त्याला."

डॉक्टर लगेच जवल गेले आनि तिला आ करायला सांगितलं. बॅटरी मारली. मान हलवली. "आजी, तुमच्यात एक पण खुंट नाय. टोपी घालू कशावर?"

म्हातारी लेकावर भडकली. "तरी मी सांगत होते, सगले उपटू नका. आता ही चिक्की खाती, आनि मी बसते पेज वढत." मंग मला बोलली, "तू ये गो हलदीला. तुजं गानं ऐकते. ह्या घरच्यांचं मी बघून घेते." त्या घरात तिच्या शब्दावर शब्द कोनी ठेवत नसे. व्याह्यानं घड्याल काढून खिशात घातलं आनि विषय तिथं संपला.

हलदीला डॉक्टर आले. बायकांच्या घोलक्यात, अगदी माज्या पुढ्यात पाट मांडून बसले आनि माज्या तोंडाकडं टक लावून बघायला लागले. बायका कुजबुजल्या, हा म्हातारा हिराबायच्या तोंडात काय शोधतोय? मी परातीला हात लावला, धरतरीला हाक घातली. सूर वर गेला, जीभ उचलली, कवली जाग्यावर. ठमी बाजूलाच होती. तिसऱ्या कडव्याला तिनं माज्या मागं सूर धरला, आनि त्या दिवसापास्नं आमी दोघी जोडीनं गात आलो. डॉक्टरांनी गानं ऐकलं असंल असं मला वाटत नाय. ते सगला येल ओठ हलवत बघत होते, पोराला पयल्यांदा चालताना बघावं तसं.

पुढं मुंबैला दातांच्या डॉक्टरांची सभा होती. तिथं यांनी माज्या कवलीचं लिहून नेलेलं वाचून दाखवलं. परत आले तेवा मी इचारलं, काय बोलले लोक? बोलले, "विचारलं, जोर कशावर मापला? मी सांगितलं, म्हावरंवालीच्या काट्यावर आणि हळदीच्या धवल्यावर. सगळे हसले." मी बोलले, वाईट वाटलं का? बोलले, "वाटलं तर. पण सगळे मोठ्याने हसले ना, म्हणून आतपर्यंत दिसलं. अध्यक्षांच्या खालच्या दोन दाढा भरायला झाल्यात. तसं त्यांना कळवलंय."

त्यांची लेक इस्रायलला गेली होती. मंग रिबेकाबायची भैन गेली. पेणेतल्या त्यांच्या लोकांच्या घरांना एक एक करून कुलपं लागत गेली, आनि एक दिवस यांचंपन जायचं ठरलं. बुधवारचा रोह्याचा दवाखाना बंद झाला, मंग पेणचा. बरन्या रिबेकाबायनं धुऊन शेजारी वाटल्या.

जायच्या दिवशी मी पेणच्या स्टँडवर गेले. गाडी पनवेलला जानारी, उभी होती. रिबेकाबाय खिडकीत बसून रडत होत्या. डॉक्टर खाली उतरून मला शिकवत होते. कवली ऊन पान्यात टाकायची नाय, चुंबकाचा जीव जातो. टोप्यांवर घान जमू द्यायची नाय. गंजाची चव लागली तर पनवेलला अमुक डॉक्टर हाय, त्याला माजं नाव सांग. "आणि मिश्री?" मी बोलले, सोडली. त्यांनी माज्या बोटाकडं बघितलं.

मंग घंटी वाजली, ते आत जाऊन खिडकीशी बसले. बसल्यावर परत डोकं भाईर काढलं. "हिराबाय, जाता जाता एकदा वरच्या सुरात गाऊन दाखव. मला एवढं बघून जाऊ दे."

लगनाशिवाय धवला गाऊ नये. पन जायला निघालेल्या मानसासाठी आमच्याकडं एकच धवला हाय, आनि तो नवरीला सासरी लावून देतानाचा. तो मी स्टँडवर उभं ऱ्हाऊन लावला.

"सोड गो बाय, आयशीचा पदर सोड,
सासरच्या इहिरीचं पानी हाय गोड."

पाटीवाल्या बायका भवती जमल्या. दोघीतिघींनी मागून सूर धरला. सुटलेली गाडी डायवरनं थांबवली. रिबेकाबायनं तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी खिडकीतून माज्या तोंडावर बॅटरी धरली होती, उजेड असून. डोल्यांतून पानी गालावर आलेलं, ते त्यांनी पुसलंपन नाय, हात बॅटरीला होता. माजा सूर संपला तशी त्यांनी बॅटरी विझवली आनि बायकोकडं वलून बोलले, "हलली नाय."

गाडी निघाली. कंडक्टर मधल्या वाटंत दोरी धरून उभा होता आनि वाकून वाकून एकेका बाकड्यावर बघत होता, नवरी कुठं बसलीय ते.